कुंदन, भिंतीएवढा

३ डिसेंबर
सेंडिंग कार्ड कुठलं घ्यायचं? ओमेरशी सकाळपासून हाच वाद. लॅपटॉपवरचं चित्र लग्नमांडवात आम्ही भाड्याने लावतो त्या एलईडी भिंतीला पोचवणारं एवढंसं कार्ड — पण त्यातही दोन तऱ्हा. एकात व्हिडिओ आधीच भरायचा, ते आपलं आपण चालवतं. दुसरं त्या क्षणी लॅपटॉपवर जे असेल तेच पाठवतं.
ओमेर म्हणतो, "भरलेलंच बरं. ऐनवेळी अडकणार नाही." नवरा म्हणून नाही, भागीदार म्हणून बोलतोय म्हणे!

४ डिसेंबर
उरणहून गुणाबाई आल्या. मासळी विकून थेट इकडेच. लेकीची, पूर्वीची, रविवारी हळद. मुलगा कुंदन जहाजावर, कुठल्याशा परदेशी बंदराबाहेर. येता येत नाही म्हणून हसऱ्या शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवलाय.
"तो नको, ताई. मी बोलली तं त्यानं आयकाला पायजे."
ठरलं. थेटवालं कार्ड!

५ डिसेंबर
पळस्प्याच्या गोडाऊनमध्ये चाचणी. नुसता निळा रंग सोडला. जवळून ठिपकेच ठिपके. मागे सरकत गेले आणि — पाणी! गोडाऊन बुडालं. माझे हातसुद्धा निळे. किती वेळ उभी होते कोण जाणे. अशा निळ्यात माणूस कुठून कुठे वाहत जात असेल...
"याएल, मेणबत्त्या!" ओमेरची हाक. शुक्रवार! सूर्यास्ताआधी शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या. धावतच घरी.

६ डिसेंबर
शब्बाथ, कामाला सुट्टी. दिवसभर डोळे मिटले की निळंच.

७ डिसेंबर
कुंदनचा व्हिडिओ कॉल लागला! भिंतभर. बँजो थांबला. वाटलं, पोरगा समुद्रातूनच उठून मांडवात आलाय. गुणाबाई धावत पडद्यापाशी गेल्या — तिथून कुठला चेहरा दिसणार! मग हळूहळू मागे सरकल्या. बघत राहिल्या.
"जेवलास का रं?"
तो हसला. मग ते हसू टिकलं नाही.
"आय, जहाज कवापासून उभा हाय. मालक फोन उचलत नाय. तांदूळ संपला. पानी बी संपाला आलंय."
पूर्वी पाटावरून उठली. हळदीचा हात तिने पडद्यावरच्या त्याच्या गालावर ठेवला. पॅनल पिवळं झालं. मी पुसलं नाही.
मग एकदम सगळेच उठले. मांडवातूनच खलाशी संघटनेला फोन गेले.

२१ डिसेंबर
गुणाबाईंचा फोन — कुंदन घरी आला! जहाजावरचे सगळेच सुटले. बाकीच्या पोरांनीही घरी हसरे व्हिडिओच पाठवलेले; एकाच्याही घरी काहीच ठाऊक नव्हतं.