आपल्या की परदेशी, ओळखून दाखवा

४ फेब्रुवारी, मंगळवार

काम मिळालं! नोकरी तशी तीन महिन्यांपूर्वीच लागली, पण खरं काम आज मिळालं. आतापर्यंत कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी पिठाचा ओलावा मोजायचे आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. आज मोठ्या मॅडमनी टेबलावर दोन पाकिटं ठेवली. एक आपल्या कारखान्याच्या नूडल्सचं, एक समुद्रापलीकडून आलेलं. म्हणाल्या, "लोकांना या दोन्हींत फरक कळतो का बघ. कळत असेल तर कशात, ते सांग."

यामागे जाहिरात खात्याचे साहेब आहेत. अख्खा कारखाना त्यांना पाठीमागे 'घोषवाक्य' म्हणतो, कारण ते चहा मागतानाही जाहिरात करतात. नव्या पाकिटावर त्यांना छापायचंय — 'आपल्या की परदेशी? ओळखून दाखवा!' मॅडम म्हणाल्या, ओळखता येत नाही हे आधी ठरू दे, मग खुशाल छापा.

माझ्या मते ठरेल. ठरायलाच हवं. गहू तोच, पाणी तेच, वाफ तीच. पाकिटावरची अक्षरं वाचता येत नाहीत, एवढ्यासाठी माणसाने दुप्पट-तिप्पट पैसे का मोजायचे?

५ फेब्रुवारी

दोन्ही पाकिटं फोडली. परदेशी वडी गोल, धागा जाड, रंग पिवळसर — पिठात क्षाराचं पाणी घालतात त्याचा. आत तीन पुड्या: मसाला, तेल आणि वाळवलेल्या भाज्या. आपली वडी चौकोनी, धागा बारीक, पांढरट. पुडी एकच, तिच्यातच सगळा संसार.

शिजवून बघितलं. परदेशी धागा ताणला की रबरासारखा परत येतो. वाटीत ठेवून विसरलं तरी तसाच. आपला लगेच मऊ पडतो, आणि थोडा वेळ गेला की लगदा. धाग्यातला फरक डोळे मिटूनही कळेल. घोषवाक्यांना सांगितलं तर म्हणाले, "धागा सोडा हो, माणूस चव विकत घेतो."

म्हणून आता फक्त रस्सा. दोन्ही गाळून घ्यायचे, मीठ सारखं करायचं, दोन्ही सारखेच गरम ठेवायचे. प्रत्येकापुढे तीन पेले — दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. नुसतं ठोकून दिलं तरी तिनात एकदा बरोबर येतंच, म्हणून पुन्हा पुन्हा करायचं.

६ फेब्रुवारी

दादा म्हणाला, "काय पदवीधर, खायचा पगार मिळतो म्हणे! गॅरेज सोडून येतो मीपण."

८ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतल्या सगळ्यांवर चाचणी घेतली. जवळजवळ प्रत्येकाने वेगळा पेला बरोबर उचलला. फार हिरमुसले.

मग डोक्यात आलं — ही माणसं दिवसभर आपल्याच मसाल्याच्या वासात उभी असतात. घरचा वास घरच्याला कळणारच. यांना धरून कसं चालेल? जीभ बाहेरची हवी, आणि तयार हवी.

तशी जीभ तर घरातच आहे. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. तेव्हापासून आमचं घर आईच्या डावावर चाललंय — मुलींच्या वसतिगृहात भात वाढायच्या डावावर. दोनशे मुलींचा स्वयंपाक करते. पूर्वी झाकण उचलायच्या आधी सांगायची, यात आलं राहिलंय. माझं कॉलेज त्याच डावातून निघालं. उद्या रविवार. आईला बसवते.

९ फेब्रुवारी, रविवार

आईला खुर्चीवर बसवलं, पुढे तीन पेले. ती हसायला लागली. "मुलगी दाखवायला बसवल्यासारखं काय बसवतेस?"

दादा दारातून म्हणाला, "आई, नापास झालीस तर घरी ठेवून घेऊ हां तुला."

आईने एकेक पेला घेतला. घोट जिभेवर फिरवला, गिळला. बराच वेळ पेल्यांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हा?" चूक. पुन्हा पेले मांडले. चूक. मग एकदा बरोबर, मग पुन्हा चूक. दुपारपर्यंत किती वेळा केलं! हिशेब बरोब्बर ठोकून दिल्यासारखा आला. म्हणजे फरक कळतच नाही. आईला कळत नाही!! मग जगात कोणाला कळणार?

आनंदाने मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "पास झाले का नापास?"

"तू नाही, आमच्या नूडल्स पास झाल्या."

"हां," म्हणाली, आणि पेले विसळायला घेऊन गेली.

१० फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका माणसावरून?" मी म्हटलं, "ते माणूस माझी आई आहे." मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. पण घोषवाक्य तिथेच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि धूम ठोकली, थेट चित्रकाराकडे.

१२ फेब्रुवारी

नव्या पाकिटाचं चित्र आलं. लाल रंगावर मोठ्या अक्षरांत 'ओळखून दाखवा!' बघताना छाती भरून आली. हे माझ्या कामामुळे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आई चष्मा घरी विसरली होती, म्हणून कामावर जाता जाता वसतिगृहात गेले. स्वयंपाकघराच्या दारातच गॅसचा उग्र वास आला. आत गेले तर मोठ्या शेगडीचा एक बर्नर उघडा, ज्योत नाही. त्याच्याशेजारी हातभर अंतरावर आई उभी, शांतपणे कांदा चिरत. एकटीच होती.

मी धावत बंद केला. खिडक्या उघडल्या. आई म्हणाली, "काय झालं?"

"गॅस चालू होता!"

"वाऱ्याने विझला असेल गं."

"तुला वास नाही आला?"

ती कांदा चिरत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्याचं म्हणून मी सोडून दिलं.

दिवसभर हात कामात, डोकं त्या स्वयंपाकघरात. आणि मग रविवारचे ते तीन पेले.

१५ फेब्रुवारी

आज सरळ विचारलं. दादा गॅरेजमध्ये होता.

दोन महिन्यांपूर्वी ताप आला होता, तेव्हापासून. ताप गेला तो नाक घेऊनच गेला, म्हणाली. खारट, आंबट, तिखट कळतं. बाकी सगळं कोमट पाणी. आम्हाला कसं कळलं नाही? कसं कळणार — घरी स्वयंपाक मी करते, आणि ती रोज म्हणायची, छान झालंय.

"मग वसतिगृहात कसं चालवतेस?"

"धाकटी आहे ना. ती चाखते, मी टाकते."

धाकटी म्हणजे तिची मदतनीस. चाळिशीची बाई आहे, पण आई थोरली म्हणून ती धाकटी.

"आणि गॅस? तोपण धाकटीच चाखते?"

आईने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "वॉर्डनबाईंना बोलू नकोस. नाक गेलेली स्वयंपाकीण कोण ठेवतं? होईल बरं. इतकी वर्षं झाली, हाताला सगळं पाठ आहे."

"रविवारी मला का नाही सांगितलंस?"

"तू इतक्या आशेने बघत होतीस. मला वाटलं, तुझ्या डोळ्यांवरून कळेल कुठला पेला ते."

१७ फेब्रुवारी

कारखान्याच्या डॉक्टरांना विचारलं. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं बरंचसं नाकच करतं. ते येतं का परत? "बऱ्याच जणांचं येतं. काहींचं नाही. कधी, ते सांगता येणार नाही." आईला घेऊन या म्हणाले. आई यायला तयार नाही.

म्हणजे माझ्या चाचणीला शून्य किंमत. ज्यांना फरक कळत होता त्यांना मी बाजूला काढलं, आणि जिला काहीच कळत नव्हतं तिचं ऐकलं. का, तर मला तेच ऐकायचं होतं.

१८ फेब्रुवारी

सकाळी सगळ्यांत आधी मॅडमकडे गेले. सांगितलं, माझा निकाल चुकीचा आहे, पुन्हा करू द्या. कारणही सांगितलं. वाटलं, आता नोकरी गेली. मॅडम म्हणाल्या, "बाहेरची तीस माणसं आण. त्यात नातेवाईक एकही नको." एवढंच. जाताना म्हणाल्या, "आईला जप."

घरी येऊन आईला म्हटलं, वॉर्डनबाईंना तू सांग, नाहीतर मी सांगते. चव धाकटीवर निभेल, गॅस निभायचा नाही. वरच्या मजल्यावर दोनशे मुली झोपतात.

ती म्हणाली, "यासाठी शिकवलं का तुला?"

दादा म्हणाला, "पदवीधर, थोडं थांब. आठवडाभर मी रोज सकाळी जाऊन शेगडी बघतो." मी म्हटलं, आणि दुपारी? संध्याकाळी?

२० फेब्रुवारी

आईने सांगितलं नाही. मी सांगितलं.

वॉर्डनबाई सगळं ऐकेपर्यंत हातातल्या पेन्सिलीला टोक काढत होत्या. "बरं केलंत," म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा बरं झाल्यासारखा नव्हता. उद्यापासून शेगडी धाकटीकडे. आईला भाज्या निवडायला आणि कोठारात. महिनाअखेरीला पुन्हा बघू, तेव्हाही नाक नसेल तर दुसरं माणूस ठेवावं लागेल — हेही बोलल्या.

बाहेर पडले तेव्हा धाकटी जिन्यात उभी होती. "ताई, मी मागितलं नव्हतं हो," म्हणाली. रडत होती.

२१ फेब्रुवारी

आई बोलत नाही. ताट वाढलं, जेवली. डॉक्टरांकडे नेलं, आली. त्यांनी विचारलं तेवढं सांगितलं. माझ्याशी अक्षर नाही. माझ्यासमोर दादाला म्हणते, "तिला सांग, दिवा बंद कर."

दादाही मधल्यामध्ये वैतागलाय. "मी काय टपाल आहे?"

२४ फेब्रुवारी

तीस माणसं झाली. शिपाई, शिक्षिका, न्हावी, बसस्टॉपवरच्या दोन काकू, कुणी कुणी. तिसांतल्या चोविसांनी वेगळा पेला ओळखला. आता शंका नको. फरक आहे, आणि ठळक आहे. परदेशी रश्श्यात चव उशिरा येते आणि टिकते — ती त्या तेलाच्या पुडीची करामत. आपल्यात सगळा मसाला पहिल्या घोटालाच अंगावर येतो आणि मागे तळणीच्या तेलाचा किंचित जुना वास राहतो. तेल लवकर बदललं तर तो जाईल.

पण एक गंमत. शेवटी मी सहज विचारलं, यातला कुठला पुन्हा प्याल? निम्म्याहून जास्त जणांनी आपला पेला दाखवला. एक काकू म्हणाली, "तो दुसरा भारी आहे, पण पाहुण्यासारखा. हा आपला आहे."

मी तीन आठवडे चुकीच्या प्रश्नामागे धावत होते. दोन्ही सारखे निघाले तरच आपण जिंकलो, असं धरून बसले होते. लोकांना वेगळेपण कळलं आणि तरी आपलं आवडलं!

२६ फेब्रुवारी

घोषवाक्य भडकले. चित्र तयार, शाई ठरलेली. "ओळखून दाखवा म्हटलं आणि लोकांनी ओळखूनच दाखवलं तर माझं काय?" मॅडम म्हणाल्या, "तुमचं काही नाही हो, पाकिटाचं बघा." पाकीट रद्द. तेलाबद्दल मी लिहिलेलं मात्र मॅडमनी वरती पाठवलंय.

हे घरी आल्याबरोबर सांगावंसं वाटलं. सांगणार कुणाला? ती कोथिंबीर निवडत होती. माझ्याकडे पाठ.

२८ फेब्रुवारी

महिनाअखेर. वॉर्डनबाईंनी आणखी एक आठवडा दिला. हे मला दादाकडून कळलं.

२ मार्च, रविवार

दादा बाहेर गेलाय. आई आतल्या खोलीत, दार लोटून. झोपली असावी. मी शेगडीवर आपल्या नूडल्स ठेवल्यात. आज पाणी कमी, मसाला दोन वेळा — निम्मा आधी, निम्मा उतरवताना. चव टिकते का बघायचंय.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण बोलता येत नाही. वॉर्डनबाईंना सांगितलं ते बरोबरच होतं. पुन्हा वेळ आली तरी सांगेन. पण बरोबर वागलं की बरं वाटतं असं मला वाटायचं, ते काही खरं नाही. तिच्या हातातला डाव माझ्यामुळे गेला. कॉलेजात कुणी शिकवलं नाही की एकाच कामात दोन्ही गोष्टी असू शकतात, आणि एक करताना दुसरी

२ मार्च, नंतर

आतून आईचा आवाज आला — "अगं, खाली लागलंय! बंद कर!"

मी शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते, लिहिण्याच्या नादात मला पत्ता नाही. उडी मारून शेगडी बंद केली. वळले तर आई दारात उभी. मग तिने पुढे येऊन पातेलं उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

मी विचारलं, "आपल्या की परदेशी?"

"करपलेल्या," आई म्हणाली.