बंदराकडची खोली

आई, आज दुपारी आम्ही बॉस्टनच्या प्रवासाचा खर्च मांडायला बसलो. बॉस्टन म्हणजे अमेरिकेतलं एक बंदराचं शहर. तिथे आपलं कुणी नाही. कुणाचं बाळंतपण नाही, कुणाचं पदवीदान नाही. नुसतं बघायला जायचं, आणि राहायचं तेही महागड्या हॉटेलात. सांगलीत हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "पण तिथं आहे कोण?" कुणी नाही म्हटलं की लोकांना माझीच काळजी वाटायला लागते.

व्हिसा, विमान, विमा, सगळं तुझ्या जावयांनी खर्चात बसवलं. घोडं अडलं ते खोलीपाशी. स्वस्त खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, महाग खोलीची बंदरावर. मी म्हटलं, "जेवणात वाचवू. राइस कुकर नेऊ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थोडं बेसन."

"एवढ्या भारी खोलीत पिठलं शिजवणार? अगं, फोडणीचा धूर झाला की आगीचा बंब येईल."

"येऊ दे. त्यांनाही वाढू."

"आणि परवा सभेत भाषण करताना काय गरजत होतीस? चैनीला सोकावलेला समाज आतून पोकळ होतो. टाळ्या मीही वाजवल्या होत्या, बाईसाहेब."

मी खर्चाचा कागद उलटा करून ठेवला. माझं असं माघार घेणं या घरात इतकं नवीन, की ते घाबरून चहा टाकायला उठले.

आणि मला माझ्या लहानपणीची आपली रत्नागिरीची सहल दिसायला लागली. ऊन कललंय. तू जतकडची, टँकर आला की घागर घेऊन धावलेली. समुद्र पहिल्यांदाच बघते आहेस. वाळूत बसली आहेस, दशमीचं फडकं मांडीवर तसंच बांधलेलं. बाबा एसटीच्या काळजीत उभे आहेत.

"चल, ऊठ. गाडी जाईल."

"आवं, बसा की वाईच. लय पाणी हाय. अजून सगळं बघून न्हाई झालं."

"सगळं बघायला जल्म तरी पुरंल व्हय?"

बाबा हसतात, तूही हसतेस आणि उठतेस. लुगड्याची वाळू झटकतेस. चालताना एकदाही मागे वळून बघत नाहीस. मला वाटलं होतं, तुझं बघून झालं. आज माझं वय तुझ्या तेव्हाच्या वयापुढे गेलंय, आणि मला तुझं ते न वळणं कळतं.

डोळे मिटले की बंदराकडच्या त्या खोलीचा पडदा आपोआप सरकतो. बाहेर धुकं आहे, धुक्यात बोटी आहेत, आणि पाण्यावरचा उजेड खोलीच्या छतावर हळूहळू हलतो आहे. घाई कुणालाच नाही. मला कुठे बोलायचं नाही, कुणाला काही पटवून द्यायचं नाही.

चहा आला तेव्हा मी म्हटलं, "बंदराकडचीच घ्या."

"आणि कुणी विचारलं तर? बाई, ही चैन कशी काय?"

"सांगेन, आईचा समुद्र बघायचा राहिला होता."

ते एकदम हळवे झाले आणि त्यांनी खोली ठरवूनही टाकली. सभेलाही हे पटेल; आईचं नाव घेतलं की मागच्या रांगासुद्धा शांत होतात. पण हा कागद तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून इथे खरं लिहिते. ती खोली तुझ्यासाठी नाही गं. मलाच हवी आहे.