परत मिळवलेल्या तुरटीची अट

मी, पाणी शुद्धीकरण केंद्रातली केमिस्ट, वय सेहेचाळीस, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. औषधांमुळे दुपारनंतर डोळे मिटतात, म्हणून सकाळीच बसले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टर म्हणतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. स्वतःवर जरा कमी.

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली शिल्लक आईची. माझी खोली तिने खुशाल भाड्याने द्यावी. बंद ठेवून रोज पुसत बसू नये.

२. माझे रबरी बूट आमच्या मुख्य अभियंत्यांना. सगळ्यांदेखत ते मला 'चिखलबाई' म्हणत आले. एकदा तरी त्यांनी बूट चढवून टाकीत उतरावे. हे कलम खोडावे का, यावर बराच विचार केला. राहू दे.

३. पाणी निवळायला घातलेली तुरटी नदीची माती घेऊन तळाशी बसते. हा गाळ केंद्र फेकून देत असे. मी आणि पंप दुरुस्त करणारा माझा धाकटा भाऊ त्यात ॲसिड घालून ती तुरटी पुन्हा सोडवून घेतो. आमची शेड, टाकी, गाळण्या आणि गाळ उचलण्याचा परवाना मी भावाला देते. अट एकच: ही तुरटी फक्त सांडपाण्यासाठी वापरावी, पिण्याच्या पाण्यात कधीही नाही.

यावरून आमचे खूप वाजले आहे. सांडपाणी केंद्र निम्माच माल उचलते. मुख्य अभियंते पिण्याच्या पाण्यासाठी सगळा घ्यायला तयार आहेत.

"ताई, गाळ याच पाण्याचा, तुरटी याच गाळातली. मग ती परकी कशी झाली?"

"अरे, ॲसिड तुरटीला सोडवतं तसं शिशालाही सोडवतं."

"तपासणीत कुठे सापडलं?"

"पुराच्या गाळात सापडलं."

"मग पुराचा गाळ बाजूला ठेवू."

कदाचित मी फारच घाबरते. पण बाजूला ठेवायचा कंटाळा कधीतरी येतोच, आणि पाणी पिणाऱ्याला कोणी विचारायला जात नाही.

४. भावाने अट नाकारली किंवा त्याचा वाटा कोणत्याही कारणाने गेला, तर कलम तीनमधले सगळे सांडपाणी केंद्राच्या प्रमुख बाईंना त्याच अटीवर मिळावे.

वकीलबाईंनी बजावले आहे की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा वाटा जातो. म्हणून साक्षीला डॉक्टर आणि शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना बोलावले.

इथवरचे भावाला वाचून दाखवले. तो खिडकीपाशी उभा राहिला. मग म्हणाला, "तू आहेस तोवर मी तुझं ऐकतो. तू नसलीस की साहेब दारात येऊन बसतील. मला माझी खात्री नाही, ताई."

"अट मी काढणार नाही."

"काढू नकोस. पेन दे इकडे."

काकू सही न करता नुसता चहा घेऊन परत गेल्या.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: बारा मार्च, सकाळ

मृत्युपत्र करणारीची सही

आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार १: डॉक्टर
साक्षीदार २: धाकटा भाऊ