तटाभोवतीची फेरी

आये,

लांबूनच तुझ्या पायावर डोकं ठेवतो. मी बरा हाय, जेवण वेळेवर होतंय. धाकटा पप्पू हे वाचून दाखवंल. मेंढरं तोच बघतोय न्हवं?

फ्रान्सातलं हे गाव लय जुनं हाय. भोवती दगडी तट, तटाबाहेर नुसत्या द्राक्षबागा. आमच्या कंपनीत वाईन करत्यात, पण भावकीत तू 'द्राक्षाची कंपनी' एवढंच सांग.

रोज सकाळी मी तटाभोवती पळतो. बाकीची माणसं तट डाव्या हाताला ठेवून पळत्यात. मला ते जमतच न्हाई. म्हसवडच्या नगरप्रदक्षिणेत तू गाव उजव्या हाताला ठेवून चालायला शिकवलंस, तसंच पाय वळत्यात. मग सगळी समोरून येत्यात आणि हसत्यात.

मला नोकरी लागावी म्हणून तू सिद्धनाथाला दोघांनी अनवाणी प्रदक्षिणा घालायचा नवस बोललीस, आणि फेडायला मीच न्हवतो. रजा मागितली, न्हाई म्हणाले. मी पण जास्त बोललो न्हाई.

पप्पूनं प्रदक्षिणेचा व्हिडिओ पाठवला. फोनवर पाय बरा हाय म्हणालीस, आणि त्यात तर पाय ओढत चाललीस. शेजारच्या नानासोच्या पोराच्या खांद्याला धरलं हुतंस. पोरगं उंच, तुझा हात नीट पोचत न्हवता.

व्हिडिओ बघून दुसऱ्या दिवशी मी बूट काढून चालत फेरी घातली. दगड लय गार हुते. उतार आला तवा खांदा आपसूक खाली गेला, तुझा हात पोचावा म्हणून. मग सगळी फेरी तसाच वाकून चाललो.

पायाला तेल लावत जा.

तुझा,
बिरू