दमीच्या शाळेची तपासणी

शुक्रवार, १ एप्रिल १९३२

दमीच्या शिक्षणाचा प्रश्न या महिन्यात निकालात काढायचा. ठरले.

गावातल्या मुलींच्या शाळेतून तिला काढले ते योग्यच झाले. तिथल्या बाईंना मी एवढेच म्हटले होते की तुमचे इंग्रजी ऐकवत नाही. त्या रडल्या, त्याला मी काय करू? तेव्हापासून वर्षभर मुलीला मीच घरी शिकवते आहे. परिणाम उत्तम. फक्त पुस्तक उघडले की तिच्या पोटात दुखते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. आठ वर्षांची घोडी, काल निमकी, अर्ध्याचा पाढा, म्हणायला सांगितली तर खांबाकडे बघत राहिली. वैद्यांकडून ओव्याचा अर्क आणला आहे. हे म्हणतात, तिचे पोट शिकवणीच्या वेळेलाच कसे दुखते? यांना कोर्टात बोलायला मिळत नाही, म्हणून घरी बोलतात.

जेवताना यांनीच काढले की झाडगावात मथुराबाई आठल्ये म्हणून कोणी आहेत, त्यांनी आपल्या पडवीत शाळा काढली आहे, पंधरा-वीस मुले येतात, एकदा बघून ये. बघून ये म्हणजे काय? मी १९०९ साली कॉलेजची पहिली परीक्षा, प्रीव्हियस, झालेली आहे. मी नुसती बघत नसते. तपासते.

संकल्प: आवाज चढवायचा नाही.

सोमवार, ४ एप्रिल

न कळवता गेले. कळवून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे.

पाहून अंगाचा तिळपापड झाला. टेबल नाही, खुर्ची नाही, छडी नाही. पोरे चटईवर वाटेल तशी बसलेली. एक मुलगा मातीचे गलबत करत होता. दोन मुली तराजूत चिंचोके तोलत होत्या आणि कडाकडा भांडत होत्या, आणि बाई ते भांडण थांबवायचे सोडून लक्ष देऊन ऐकत होत्या! विचारले, हा कसला तास? म्हणाल्या, गणिताचा. टाइमटेबल कुठे आहे? म्हणाल्या, मुलं दमली की कळतं.

मथुराबाई तिशीच्या असतील. विधवा. पुण्यास राहून ट्रेनिंग घेतलेले. बोलणे हळू, इतके हळू की समोरच्या माणसाला उगीचच आपण ओरडतो आहोत असे वाटू लागते. फळ्यावर इंग्रजी ‘जी’ या अक्षराची शेपटी तोकडी होती, ती मी मुलांदेखत दाखवून दिली. त्यांनी पुसून पुन्हा काढली आणि थँक्यू म्हणाल्या. अशा माणसांपासून सावध राहिले पाहिजे.

निघताना म्हणाल्या, मुलीला पंधरा दिवस पाठवून बघा, मग आपण ठरवू. आपण? ठरवणारी मी!

आवाज मुळीच चढवला नाही. आमची गोदा फाटकाबाहेर उभी होती, ती म्हणते नाक्यापर्यंत ऐकू येत होते. भांडी घासताना हाक मारली तर हिला ऐकू येत नाही.

शुक्रवार, ८ एप्रिल

काल पाडवा झाला. आजपासून दमी शाळेत. तपासणीपुरती. मी सोबत बसणार, हे उघडच आहे. चटईवर बसून डिसिप्लिन राहत नाही म्हणून घरून खुर्ची नेली.

तीन तासांत दमीने तोंड उघडले नाही. बाईंनी नाव विचारले, तिने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले. गाव विचारले, मी सांगितले. तुला काय आवडतं, विचारले. तेही मीच सांगितले. सगळे मलाच करायचे असेल तर शाळा हवी कशाला?

उठू लागले तर खुर्ची हलेना. बाळा नावाच्या कार्ट्याने, तोच तो गलबतवाला, खुर्चीचा पाय सुतळीने खांबाला बांधला होता. पोरे खिदळली. बाईंनी त्याला गाठ सोडायला लावली आणि वर विचारले, ही गाठ तुला कोणी शिकवली रे, छान आहे! मी असते तर गाठीसकट त्याला विहिरीत सोडले असते. गोदा म्हणते, दमीपण हसत होती. खोटे. दमी हसत नाही.

मंगळवार, १२ एप्रिल

डोके ठणकते. ऊन बाधले. शाळेत गेले नाही, दमी गोदाबरोबर गेली.

दुपारी जरा पडले होते तर स्वयंपाकघरात कोणीतरी अखंड बडबडत होते. गोदाला झापायला उठले. बडबडत होती दमी! वर्गातल्या शमीमचे अब्बा बोटीवर सारंग आहेत, त्यांची बोट झांजिबारला जाते, तिथे अंगणभर लवंगा वाळत घालतात, बाळाचं गलबत बुडालं पण बाई म्हणाल्या पुन्हा कर. मग फरशीवर चिंचोके मांडून गोदाला निमकी समजावू लागली. गोदाला! आणि बिनचूक.

मी दारात दिसताच गप्प झाली. एक हात पोटावर.

निष्कर्ष: वर्षभर मी घेतलेल्या कष्टांचे फळ दिसू लागले आहे.

यांना सांगितले. म्हणाले, तुझं डोकं अजून चार दिवस दुखू दे. आजारी माणसाशी असे बोलतात.

शनिवार, १६ एप्रिल

डोके थांबल्याबरोबर पुन्हा वर्गात जाऊन बसले. दमी पुन्हा मुकी. त्या शाळेची मेथडच कच्ची आहे, दुसरे काय.

आता पालकांच्या साक्षी काढायच्या. वकिलाच्या घरात वीस वर्षे काढली, एवढे मला कळते. पण बायकांना समन्स कसे बजावणार? चैत्रगौर आहेच. येत्या शुक्रवारी हळदीकुंकू करायचे, त्या मुलांच्या आयांना बोलवायचे, डाळ-पन्हे द्यायचे, आणि तोंडात घास असतानाच उलटतपासणी घ्यायची. बाळाची आई येसूबाई, शमीमची आई फातिमाबी, आणखी आठ-दहा जणी. फातिमाबी कुंकू लावणार नाही, पण पन्हे घेईल. अशा बाबतीत मी फार उदार आहे.

हे म्हणाले, आणि मथुराबाई? आता हळदीकुंकवाला विधवेला बोलवत नाहीत, हे यांना मी सांगायचे का? मला स्वतःला ही चाल बिलकूल मान्य नाही. कॉलेजात या विषयावर मी निबंध लिहिला होता, प्रिन्सिपलसाहेबांनी तो वर्गात वाचून दाखवला होता. पण निबंध वेगळा आणि आळीतल्या बायका वेगळ्या. शिवाय अवघडतील त्या मथुराबाईच. त्यांचे मन जपायचे म्हणून बोलवायचे नाही. हे सगळे दमीसमोरच समजावून सांगितले, मुलांनी विचारसरणी ऐकलेली बरी असते. दमीने विचारले, मग बाईंना का नाही? म्हटले, मोठी झालीस की कळेल. तर म्हणते, तुला कळलं का?

ओव्याचा अर्क दोन चमचे दिला.

शुक्रवार, २२ एप्रिल. दिवेलागण

टाकाचे टोक मोडले. रागाने. तरी लिहिते.

गौर सुरेख मांडली होती. बायका वेळेवर आल्या. येसूबाईने पहिल्याच घासाला विचारले, वकीलीणबाय, मीठ सरकारनं जप्त केलं काय गो? सगळ्या हसल्या. मी दुर्लक्ष करून उलटतपासणीला हात घातला. तुमचा बाळा तिथे शिकला काय? तर येसूबाई म्हणाली, काय शिकला ते देवाला ठावं! आधी शाळेचं नाव काढलं की माडावर चढून बसायचा, खाली उतरवायला मानूस लावावा लागायचा. आता मी उठायच्या आधी पाटी घेऊन दारात.

याला काय पुरावा म्हणतात? फातिमाबीकडे वळले. ती म्हणाली, आमची शमीम बापाला कागद लिहिते, बाई, आणि त्याचा आला की मला वाचून दाखवते. आधी पोस्टमनकडून वाचून घ्यायला लागायचा. काय लिहायचा नवरा! पोस्टमन बिचारा वाचता वाचता लाजायचा, आणि मी दाराआड. पुन्हा हशा. एकीने विचारले, आणि आता शमीम वाचते ते? फातिमाबी म्हणाली, आता तोच जपून लिहितो.

साक्षीदार एकजात फुटलेले. शाळेविरुद्ध एक अक्षर कोणी बोलेना.

एवढ्यात लक्षात आले, दमी आणि आईबरोबर आलेली शमीम दिसत नाहीत. हाक मारणार तोच दमी दारात, मागे शमीम, आणि दमीने हाताला धरून आणलेल्या मथुराबाई! आईने बोलावलंय, असे खुशाल सांगून घेऊन आली.

मथुराबाईंनी आत पाहिले. गौर पाहिली, माझ्या हातातला करंडा पाहिला, आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. बायकांचे चमचे थांबले. मी पुढे होऊन या म्हणणारच होते. पण हातात करंडा होता आणि तो ठेवायला कुठे जागा नव्हती. नाहीतर मी नक्की म्हटले असते.

मथुराबाई म्हणाल्या, दमी, मी उद्या भेटते हं. आणि वळल्या. तेव्हा आमची मुकी मुलगी साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली: जाऊ नका! आईला ही चाल मान्य नाही! तिने निबंध लिहिलाय!

जन्मात पहिल्यांदा चारचौघांत इतकी स्वच्छ तीन वाक्ये बोलली, आणि ती ही.

मग येसूबाई आपल्या पाटावरून सरकली आणि म्हणाली, या बाय, इकडं बसा, उन्हातनं आलात. फातिमाबीने पन्ह्याचा पेला पुढे केला. मथुराबाई आल्या, बसल्या, म्हणाल्या, कुंकू नको, डाळ द्या. डाळ खाल्ली. मीठ कमी आहे असे त्या म्हणाल्या नाहीत. येसूबाई म्हणाली. पुन्हा.

सगळ्या जणी त्यांच्याबरोबरच गप्पा मारत गेल्या. मला जाते म्हणून सांगायचेही काही जणी विसरल्या.

एका परीने आज माझ्या पुढाकाराने आळीत मोठी सुधारणा घडली. पण मुलगी उलट बोलायला शिकली आहे, न विचारता घराबाहेर पडायला शिकली आहे, आणि हे शिकवले कोणी? निकाल: शाळा नापास. सोमवारपासून पुन्हा घरी. दमीला सांगितले. तिने बरं म्हटले.

सोमवार, २५ एप्रिल

दहाला शिकवणीला बसवले. गप्प. पोट. अर्क घेतला, तरी गप्प. आता खांबाकडेही बघत नाही, स्वतःच्या मांडीकडे बघते. जेवली नाही. दुपारी स्वयंपाकघरात कान देऊन उभी राहिले. तिथेही आवाज नाही.

संध्याकाळी हे कोर्टातून आले, पगडी उतरवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, मुलगी तुला घाबरते. मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, मीही घाबरतो. पण मला कोर्ट आहे. तिनं कुठं जायचं?

वीस वर्षांत असे कधी बोलले नव्हते. मला कोण घाबरते? मी कोणाला एक चापट मारलेली नाही. खात्री करून घ्यावी म्हणून गोदाला हाक मारून विचारले, काय गं, तू घाबरतेस का मला? ती म्हणाली, नाय बाय, नाय, आणि विळी तिथेच टाकून परसात पळाली.

बुधवार, २७ एप्रिल

तो निकाल त्या शाळेच्या तोंडावर सांगितला पाहिजे, म्हणून झाडगावात गेले. भाषण मनात तयार होते, दोष क्रमवार. शाळा सुटली होती. मथुराबाई पडवी झाडत होत्या. त्यांनी केरसुणी ठेवली आणि मला चटई दिली. बसावे लागले. चटईवर बसून भाषण नीट सुरू करता येत नाही.

शुक्रवारबद्दल मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, त्या दिवसाचं मनावर घेऊ नका. मी का घ्यावे मनावर? घ्यायचे तर त्यांनी. असे म्हणायला तोंड उघडले आणि बंद केले.

मग म्हणाल्या, दमी हुशार आहे, तिला येऊ दे. एकच अट. तुम्ही आत यायचं नाही. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचं.

मी म्हटले, मी प्रीव्हियस झालेली आहे, माझ्या देखरेखीचा कोणत्याही शाळेला उपयोगच होईल. त्या म्हणाल्या, झालाच असता. पण तुम्ही समोर बसलात की मलासुद्धा उत्तरं आठवत नाहीत, ती तर लहान आहे.

आवाज हळूच. हसल्यासुद्धा नाहीत.

अट मान्य केली. खरे म्हणजे माझ्याही मनात हेच चालले होते. देखरेखीवाचून मूल कसे वागते हेही एकदा तपासले पाहिजे. दमीला घरी येऊन सांगितले. तिने विचारले, तू नाही येणार? खरंच? दोनदा विचारले. संध्याकाळी तीन पोळ्या खाल्ल्या.

सोमवार, २ मे

सुट्टी लागेपर्यंत शाळा सकाळचीच आहे. दमीला कोपऱ्यापर्यंत सोडले. खरे म्हणजे कोपऱ्याच्या अलीकडेच तिने हात सोडला. ये लवकर, म्हटले. तोवर ती पळालीसुद्धा.

कोपऱ्यावरून पडवी दिसत नाही. आवाज मात्र येतात. इतक्या मुलांत आपल्या मुलीचा आवाज ओळखता येतो का, हे तपासण्यासाठी थांबले. येतो. सगळ्यांत मोठा तोच आहे. काय बोलते ते कळत नाही.

येसूबाई डोक्यावर घागर घेऊन चालली होती. विचारले, वकीलीणबाय, कोणाची वाट बघता? म्हटले, कोणाची नाही. मग उन्हात का उभ्या? म्हटले, इथे सावली नाही. ती म्हणाली, मग घरी जावा की.

गेले.