प्याद्याची मात

अण्णा, तुम्हाला जाऊन माझं जवळजवळ सगळं आयुष्य उलटलं, तरी घाटकोपरच्या त्या डावाचा राग माझ्या मनातून जात नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तुम्ही हंगामी कारकून. कारखान्यांच्या बुद्धिबळ स्पर्धेत जिंकलात तर कायम करतो, असा साहेबांनी शब्द दिलेला. आईने त्या भरवशावर सकाळीच शिरा करून ठेवला होता.

शाळेच्या हॉलमध्ये शेवटचा सामना चाललाय. तुमच्याकडे पांढरी, समोरच्या तरुणाकडे काळी. हत्ती शेवटच्या ओळीत नेला की मात, हे मला मागे उभं राहूनही दिसतंय. तुम्हीच तर शिकवलेलं. तुमचा हात हत्तीपाशी जातो, थांबतो, आणि प्यादं पुढे सरकवतो. गावच्या देवळात तुम्ही खेळायला शिकलात, तिथे प्याद्याने दिलेली मात हीच खरी मात मानायचे. हत्तीने काय, कुणीही देतं! त्या प्याद्याला अजून एकच घर हवं होतं. पण त्या तरुणाला असले लाड ठाऊक नव्हते, त्याला नुसतं जिंकायचं होतं. त्याने वजिराने शह दिला, मग घोडा आणला, आणि तुमचा राजा कोपऱ्यात संपला.

वाटेत मी विचारलं, "अण्णा, हत्ती दिसला नाही का हो?"

"दिसला गं. पण प्यादं काय झकास आलं होतं ना!"

घरी आई एवढंच म्हणाली, "प्याद्यानं पोट भरणार आहे का आपलं?" तुम्ही खाली मान घालून शिरा खाल्लात. पुढे हंगामी लोकांना काढलं त्यात तुम्ही होतात. माझी शाळा सुटली, मी लोकांचे कपडे शिवायला बसले. तुम्ही पुन्हा पट उघडला नाहीत, आणि फार जगलाही नाहीत.

तो पट आता मुलुंडला माझ्याकडे आहे. तुमच्या जागी मी असते तर डोळे मिटून हत्ती चालवला असता, असं मी जन्मभर सगळ्यांना ठणकावून सांगत आले. काल घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी तो डाव मांडला. दोन्ही बाजूंनी मीच. हत्ती उचलला, बराच वेळ हातात धरला, आणि होता तिथेच ठेवून दिला.

अण्णा, मीही प्यादंच सरकवलं. काळा पुन्हा जिंकला.