दाजी, बार घेऊ का शेक?

प्रिय प्रभु,

इतक्या महिन्यांनी तुझा मेसेज आला, तोही कसा, तर 'दाजी, डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, शुगर काठावर आहे. बार घेऊ का शेक?' कसे आहात नाही, ताई कशी आहे नाही, एकदम बार आणि शेक. वाचून मला हसू आलं. ते इतक्या दिवसांनी आलं, की काय झालं म्हणून शिवलीला स्वयंपाकघरातून बघायला आली. दुधनीच्या अडत दुकानात गादीवर बसून तुरीचे भाव ठरवणारा माणूस रुसवा काढायला असलीच वाट शोधणार. तुमच्या घरात सरळ 'चुकलं' म्हणायची पद्धत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. अर्थात मीही दोन ओळींच्या मेसेजला पत्रानं उत्तर देतोय, तेव्हा मीही काही फार सरळ नाही.

आधी तुझं काम बघू, ते मला अजून नीट येतं. शेक म्हणजे पावडर पाण्यात घालून हलवायची आणि प्यायची. पोटातून लवकर पुढं सरकतो, व्यायाम झाल्यावर त्याचा उपयोग. पण पिणाऱ्याला जेवल्यासारखं वाटत नाही, थोड्या वेळानं तो भज्यांच्या गाड्याकडं बघायला लागतो. तू कॉलेजला आमच्याकडं होतास तेव्हा शेक पिऊन वर दोन भाकरी चेपायचास आणि वजन का वाढतंय म्हणून मलाच विचारायचास. बार चावावा लागतो. तोंडाला काम मिळतं, पोटाला कळतं की काहीतरी आलं. फक्त पाकीट उलटं करून वाच. पुढं मोठ्या अक्षरात प्रोटीन असतं आणि मागं बारीक अक्षरात साखर. काही बार म्हणजे कोट घातलेली चिक्कीच. कमी साखरेचा बघून घे आणि दुपारी दुकानात भजी येतात तेव्हा भज्यांऐवजी खा, भज्यांवर नव्हे. दोन्ही नाही घेतलंस तरी काही अडत नाही. मोडाची मटकी, ताक आणि मूठभर फुटाणे खाऊन आपल्याकडच्या तालमीतली माणसं उभी राहिली आहेत. पण एकच सांगा म्हणशील, तर बार घे. चावता येतंय तोवर चावून खा. हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही, गेल्या वर्षभरात शिकलो, आणि ते कसं हे तुला सांगायचं राहून गेलंय.

मला आता बोलता येत नाही, प्रभु. आवाज निघतो, शब्द होत नाहीत. जीभ तोंडात आहे पण ती माझं ऐकत नाही. सुरुवात झाली तेव्हा मला वाटलं थकवा असेल. वजन उतरत होतं, दंड सुकत होते, आणि मी काय केलं असेल? जे पोरांना सांगत आलो तेच. प्रोटीन कमी पडतंय म्हणून शेक दुप्पट केला, खिशात बार ठेवायला लागलो, वजनं वाढवली. माझ्या जिममधली पोरं तर खूश. सरांना काय कट्स आलेत म्हणून आरशासमोर माझ्याबरोबर फोटो काढायची. मीही छाती काढून उभा राहायचो. दंडाची कातडी आतून आपोआप फडफडायची, तिला मी कसलेला स्नायू समजत होतो. दुसऱ्याच्या अंगाकडं एकदा बघून कुठं काय कमी आहे ते सांगणारा मी, स्वतःचं अंग संपत चाललेलं मला तब्येत कमावल्यासारखं दिसलं.

मग शब्द अडखळायला लागले. 'पुशअप' म्हणायला गेलो की तोंडात भिजलेला कापूस असावा तसं काहीतरी यायचं. आपल्या पेठेत सकाळी अडखळत बोलणाऱ्या माणसाचा एकच अर्थ लावतात. कुणी जवळ येऊन वास घेऊन गेलं, कुणी फी भरलेली असताना आपल्या मुलीला जिमला पाठवणं बंद केलं. आयुष्यात कधी थेंब न घेतलेला मी, गळ्यात इष्टलिंग घालून, सगळ्या पेठेत दारुडा ठरलो. आणि श्रावणात तुझा फोन आला, तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला का आला नाहीत म्हणून. मी सांगायचा प्रयत्न करत होतो. तू थोडं ऐकलंस आणि म्हणालास, "दाजी, उतरली की मग बोला." फोन ठेवलास, तो आत्ताच्या मेसेजपर्यंत. तू मनाला लावून घेशील, तर घेऊ नकोस. तेव्हा मला स्वतःलाच काय झालंय ते माहीत नव्हतं, तुला कुठून कळणार?

कळलं ते दिवाळीच्या आधी, पुण्याच्या डॉक्टरांकडून. मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूकडून स्नायूंकडं निरोप नेणाऱ्या नसा मरत जातात आणि निरोप न मिळालेला स्नायू वाळून जातो. माझ्यात ते दंडांपासून सुरू झालं आणि जिभेत, घशात सगळ्यात जोरानं पसरलं. औषध थोडं रेंगाळवतं, बरं करत नाही. शिवलीला त्याच दिवशी तुला फोन लावणार होती, मीच शपथ घातली. तुम्हा सगळ्यांच्या मनात मी दारुडा होतो ते मला परवडत होतं. दारुड्यावर लोक रागावतात. दुसऱ्या गोष्टीला लोक डोळे भरून घेऊन भेटायला येतात, ते बघायची माझी ताकद नव्हती. त्यात ती मात्र एकटी पडली. लेकरूबाळ नाही, सासू-सासरे गेलेले, माहेर माझ्या शपथेनं तोडलेलं. दिवसभर माझं आवरते, संध्याकाळी जिम उघडून बसते, आणि कुणी विचारलं तर सर गावाला गेलेत म्हणून सांगते. आता तिनं किती दिवस मला गावाला ठेवायचं?

तर बार आणि शेक. बार माझ्या घरातून कधीच गेला, चावलेला घास मागं ढकलायला जीभ लागते. भाकरी गेली, शेंगाचटणी गेली, तिचा एक कण घशात अडकला तेव्हा शिवलीलानं पाठीवर इतकं मारलं की नंतर तीच हात धरून बसली. उरला शेक, म्हणून आम्ही खुशीत होतो. प्यायचाच तर आहे, त्यात काय? पण पातळ पदार्थ सगळ्यात वाईट निघाला. तो अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासाच्या वाटेला लागतो, ठसका उठतो आणि चेहरा निळा पडतो. मग गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, घट्ट आणि मऊ करून द्या. शिवलीला ज्वारीची आंबील घट्ट शिजवते, गाळते, त्यात तीच पावडर मिसळते आणि चमच्यानं देते. हनुवटी छातीला लावून मी एकेक घोट उतरवतो. एक वाटी संपेपर्यंत आंबील गार होते आणि आम्ही दोघंही दमलेलो असतो. आता तर अर्धी वाटीही जात नाही. लोकांचं वजन उतरवून आणि वाढवून ज्यानं पोट भरलं, त्याचं वजन आता धरून ठेवता येत नाही.

डॉक्टर म्हणतात पोटात नळी बसवा. छोटंसं ऑपरेशन आहे, तिच्यातून शेक सरळ पोटात घालता येतो, गिळायचा प्रश्नच नाही. पण ते श्वासाचा जोर आहे तोवरच करायचं. शिवलीलानं लगेच होकार दिला, सोमवारची तारीखही घेतली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जी आशा आली ती बघून मला रडू आलं, कारण मला ती नळी नकोय. मी खूप विचार केलाय, उगाच पेटून म्हणत नाही. घशानंतर हात जाणार, मग श्वास. नळीनं यातलं काही थांबत नाही, मी फक्त जास्त दिवस पडून राहीन आणि ती जास्त दिवस माझ्याजवळ बसून राहील. तळ गेलेल्या घागरीत किती ओतायचं? दुसऱ्या कुणाला ती नळी हवी असेल तर त्यानं जरूर बसवावी, त्यात कमीपणा काही नाही. मला नको. मला मरायची हौस नाही, प्रभु. मला भीती वाटते, रोज वाटते, ठसका लागला की तर फारच. पण मला जेवढं तोंडानं जाईल तेवढ्यावर जायचंय, एवढं माझ्या हातात आहे. ते तरी माझ्या हातात राहू द्या.

हे मी तिला सांगितलं नाही असं समजू नकोस. जिममधला पांढरा फळा आता माझ्या खाटेशेजारी असतो, त्यावर लिहून आमचं बोलणं चालतं. मी 'नळी नको' लिहिलं. तिनं पदरानं पुसलं. मी परत लिहिलं, तिनं परत पुसलं आणि मार्कर खिडकीत ठेवून दिला. तिसऱ्यांदा मी मोठ्या अक्षरात लिहिलं तेव्हा फळ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी लिवलेलं मला वाचता येत न्हाय." बी. कॉम. झालेली तुझी बहीण, प्रभु. म्हणून हे पत्र. तिची शपथ मी आता सोडवलीय असं समज. रविवारी ये, दुकान एक दिवस बंद ठेव. तिला समोर बसव आणि हे पहिल्यापासून मोठ्यानं वाच, तुझं ते बार आणि शेकसुद्धा गाळू नकोस. मी शेजारी असेन, मान हलवीन, म्हणजे हे माझंच आहे हे तिला कळेल. वाचून झाल्यावर लगेच दुधनीला परत जाऊ नकोस. दिवाळीपासून ती माझ्यासमोर एकदाही रडलेली नाही, आणि तिला रडायला माहेरचं माणूस लागेल.

तुझाच,
विरेशदाजी